गावचे दप्तर संगणकात : डेटाबेस पद्धती व तिचे फायदे

जमीन, बैल व बियाणे हे शेतकऱ्याचे भांडवल होय, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपली जमीन किती, ती कोणाच्या नावावर आहे, तीत यंदा काय पेरले आणि तिच्यावर कर्जाचा बोजा किती, या गोष्टींची बिनचूक नोंद हेही त्याचे भांडवलच आहे, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. नोंद चुकली वा राहून गेली, तर शेतात पीक उभे असूनही कागदावर ते नसते. आणि जे पीक कागदावर नाही त्याला विमा, नुकसानीची मदत वा हमीभावाची खरेदी यांचा लाभ मिळणे अवघड होते.

अलीकडे या नोंदी संगणकात ठेवल्या जातात. ज्या पद्धतीने त्या ठेवल्या जातात तिला डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे माहितीसाठा सांभाळण्याची व्यवस्था, असे म्हणतात. हे नाव ऐकण्यास अवघड वाटले तरी तिचे तत्त्व साधे आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाचे उदाहरण घेऊन ही पद्धती काय आहे, तिचे फायदे कोणते आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा करू नये, याचा विचार येथे केला आहे.

जुन्या दप्तरातील अडचणी

गावचे महसुली दप्तर 1 ते 21 नमुन्यांत ठेवले जाते. गाव नमुना 7 मध्ये जमिनीचे हक्क, 12 मध्ये पिके, 8-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन, तर 6 मध्ये फेरफार लिहिले जातात. रचना विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही. अडचण होती ती हातांनी लिहिण्यात. एकाच खातेदाराचे नाव निरनिराळ्या नोंदवह्यांत पुन्हा पुन्हा लिहावे लागे. एका ठिकाणी 'ज्ञानोबा', दुसऱ्या ठिकाणी 'ज्ञानदेव' असे होई. फेरफार मंजूर झाला तरी त्याचा अंमल सातबाऱ्यावर देण्याचे राहून जाई. जुनी वही भरली किंवा जीर्ण झाली म्हणजे नवी लिहिताना क्षेत्राचा एखादा आकडा बदले. मग पुढील पिढीने तीच चूक खरी मानून भांडणे करावीत, असे घडत असे.

मराठवाड्यात या अडचणीत आणखी भर पडली. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे येथील जुने कागद काही उर्दूत, काही मोडीत आणि काही बाळबोध लिपीत आहेत. 2023 साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम सोपविले, तेव्हा निजामकालीन दप्तरे बाहेर काढून मोडी व उर्दू जाणणाऱ्यांकडून ती वाचून घ्यावी लागली. कागद असणे आणि कागदातील माहिती हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसून येते.

डेटाबेस म्हणजे काय?

कागदावरील वही जशीच्या तशी संगणकात टंकलिखित केली म्हणजे डेटाबेस झाला, असे नव्हे. तसे केल्यास वहीतील सर्व दोष संगणकात जातात. डेटाबेसचे मुख्य तत्त्व असे की, प्रत्येक गोष्ट एकदाच आणि एकाच ठिकाणी लिहावी आणि जेथे जेथे तिची गरज पडेल तेथे तिच्याकडे केवळ बोट दाखवावे.

समजा, दिंद्रुड शिवारात एका खातेदाराची 1 हेक्टर 60 आर जमीन आहे. संगणकात एका तक्त्यात खातेदाराचे नाव व खाते क्रमांक ठेवला. दुसऱ्या तक्त्यात गट क्रमांक, क्षेत्र व खाते क्रमांक ठेवला. तिसऱ्या तक्त्यात हंगाम, गट क्रमांक व पीक ठेवले. पिकाच्या तक्त्यात खातेदाराचे नाव पुन्हा लिहिलेले नाही. तेथे फक्त गट क्रमांक आहे. गट क्रमांकावरून जमीन सापडते, जमिनीवरून खाते सापडते आणि खात्यावरून माणूस सापडतो. उद्या नावात दुरुस्ती झाली तर ती एकाच जागी करावी लागते आणि सर्वत्र आपोआप दिसते. गोठ्यातील प्रत्येक दावे जसे आपापल्या खुंट्याला बांधलेले असते, तसा प्रत्येक तक्ता या क्रमांकांनी दुसऱ्याशी बांधलेला असतो.

म्हणून या पद्धतीत क्रमांकाला फार महत्त्व आहे. नावे सारखी असू शकतात, क्रमांक सारखे असू शकत नाहीत. जमिनीच्या तुकड्यासाठी 14 अंकी भू-आधार क्रमांक आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक देण्यामागे हेच कारण आहे.

ही विद्या फार जुनी नाही. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएम कंपनीने इतरांच्या सहकार्याने अशी एक व्यवस्था तयार केली. पुढे 1970 साली त्याच कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने, माहिती साध्या तक्त्यांत ठेवून ती समान क्रमांकांनी जोडावी, असा सिद्धांत मांडला. आज बँका, रेल्वेचे आरक्षण व शासकीय कार्यालये यांतील बहुतेक नोंदी याच सिद्धांतावर चालतात. आपल्या देशात जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याचा प्रयोग 1988-89 साली निवडक जिल्ह्यांत सुरू झाला व त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. 1 मे 2018 पासून आपल्या राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

या पद्धतीचे फायदे

1. विसंगती तेथल्या तेथे उघड होते. डेटाबेसला नियम सांगून ठेवता येतात. समजा, एका गटाचे एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर आहे आणि तीन भावांच्या नावे प्रत्येकी 55 आर लिहिले. बेरीज 1 हेक्टर 65 आर होते. हाताच्या वहीत हे 5 आर वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाहीत. संगणकास मात्र 'हिश्श्यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकीच असली पाहिजे' असा नियम दिलेला असल्यास तो अशी नोंद अडवून धरतो किंवा दुरुस्तीच्या यादीत दाखवितो.

2. व्यवहार अर्धवट राहत नाही. खातेदाराने 40 आर जमीन विकली, तर त्याच्या खात्यातून 40 आर वजा होणे आणि घेणाऱ्याच्या खात्यात 40 आर जमा होणे ही दोन कामे आहेत. पहिले काम झाले आणि तेवढ्यात वीज गेली, तर काय होईल? चांगली डेटाबेस पद्धती अशा दोन्ही कामांना एकच व्यवहार मानते. दोन्ही पुरी झाली तरच नोंद पक्की होते; अन्यथा पूर्वीचीच स्थिती कायम राहते. जमीन हवेत लोंबकळत राहत नाही.

3. एक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाशी जोडले जाते. पूर्वी दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झाल्यावर त्याची वर्दी गावी पोहोचण्यास अवधी लागे आणि त्या मुदतीत तीच जमीन दुसऱ्यास विकण्याचे प्रकार घडत. आता दस्तनोंदणीची प्रणाली ई-फेरफार प्रणालीशी जोडलेली असल्याने नोंदलेल्या दस्ताची माहिती थेट महसूल खात्याकडे जाते. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत ठेवण्याची कायद्यातील तरतूद मात्र पूर्ववत आहे. यंत्राने वेग वाढविला, परंतु शेतकऱ्याचा हरकतीचा हक्क काढून घेतलेला नाही.

4. कोणी काय बदलले हे कळते. कागदावरील खाडाखोड कोणाच्या हातची, हे सांगणे कठीण असते. डेटाबेसमध्ये वाचण्याचा अधिकार अनेकांना व बदलण्याचा अधिकार नेमलेल्या थोड्यांना असतो. प्रत्येक बदलासोबत तो करणाऱ्याची ओळख व वेळ नोंदली जाते. त्यामुळे जबाबदारी निश्चित करता येते.

5. दप्तर नष्ट होण्याचे भय कमी होते. वाळवी, आग व पाणी हे कागदाचे वैरी होत. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा व गोदावरी या नद्यांना पूर येऊन बीड जिल्ह्यात पिकांची मोठी हानी झाली. अशा वेळी कोणत्या गटात कोणते पीक होते, याची नोंद गावाबाहेर सुरक्षित असणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको. संगणकातील माहितीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. प्रती नियमाने घेतल्या जातात की नाही व त्यांवरून माहिती पुन्हा उभी करता येते की नाही, हे मात्र वेळोवेळी तपासले पाहिजे.

6. दूर असलेल्या माणसालाही आपली नोंद पाहता येते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पूर्वी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी त्यांना मजुरी बुडवून गावी यावे लागे. आता 15 रुपये शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कोठूनही काढता येतो. शिधापत्रिकेवरील धान्य ज्या गावी कामाला गेलो तेथे घेता येणे, हेही नोंदी एका सामाईक साठ्यात आल्यामुळेच शक्य झाले आहे.

7. प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळते. हा फायदा शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोठा, परंतु सर्वांत कमी वापरला गेलेला आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान केले. या अळीला आळा घालण्यासाठी पिकांची फेरपालट करावी व डिसेंबरनंतर कापसाची फरदड ठेवू नये, असा सल्ला दिला जातो. आता, गावातील कोणत्या गटांत सलग तीन वर्षे कापूसच घेतला आहे, हे हाताने शोधावयाचे तर तीन वर्षांच्या पीकवह्या पालथ्या घालाव्या लागतील. डेटाबेसला हा प्रश्न विचारला तर यादी काही क्षणांत मिळते आणि कार्यकर्त्यास थेट त्या शेतांच्या बांधावर जाता येते. मृदा आरोग्य पत्रिकेतील जस्ताचे प्रमाण गट क्रमांकाशी जोडले, तर कोणत्या शेतास झिंक सल्फेटची गरज आहे, हेही अशाच रीतीने कळू शकते. गावच्या सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज, खत विक्री व वसुली यांचाही असाच मेळ घालता येतो. देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याची योजना केंद्र शासनाने जून 2022 मध्ये मंजूर केली, ती याच हेतूने.

यंत्रास काय कळत नाही?

एवढे फायदे असले तरी एक मर्यादा सर्वांनी पक्की ध्यानात ठेवावी. डेटाबेसला बेरीज कळते, सत्य कळत नाही. 55, 55 व 55 आर ही नोंद त्याने अडविली. परंतु मधल्या भावाच्या जागी चुकून दुसऱ्याच माणसाचे नाव लिहिले आणि क्षेत्राची बेरीज जुळली, तर तो ती निमूटपणे स्वीकारील. शिवाय एकच नोंद सर्व कार्यालये वाचू लागली म्हणजे एकच चूक बँकेत, विम्यात व मदतीच्या यादीत एकाच वेळी पोहोचते. पूर्वी चुकीला पाय होते, आता तिला पंख फुटले आहेत.

म्हणूनच 2017 साली राज्यात संगणकीकृत सातबारा गावोगावी वाचून दाखविण्याची चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. यंत्राने आकड्यांची तपासणी केली, गावाने नावांची केली. तसेच 2025 साली 'जिवंत सातबारा' मोहीम राबवून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेण्यात आले. खातेदार वारला हे संगणकास आपोआप समजत नाही. कोणी तरी ते सांगावे लागते. वारसाहक्काने वा अन्य मार्गाने जमिनीत हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये सांगितले आहे. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर पत्नी व मुली यांची नावे लावण्याचे पुढे ढकलू नये. ज्या विधवेचे नाव नोंदीत नाही, तिला जमीन कसूनही कर्ज व मदत यांसाठी दारोदार फिरावे लागते.

पिकांच्या नोंदीचेही असेच आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली. 2023 च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी 5,000 रुपयांप्रमाणे, 2 हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केले, 0.20 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रास सरसकट 1,000 रुपये ठरविले. यासाठी आधार होता तो ई-पीक पाहणीचा. ज्यांनी पीक घेतले पण नोंद केली नाही, अशांची नावे यादीत आली नाहीत. पुढे, सातबाऱ्यावर तलाठ्याने पिकाची नोंद केली असल्यास ती ग्राह्य धरण्याची सवलत द्यावी लागली. आपल्या उदाहरणातील 1 हेक्टर 60 आर क्षेत्राच्या खातेदारास, सर्व क्षेत्रात सोयाबीन असल्यास, 8,000 रुपये मिळावयाचे. शेतात उभे राहून काही मिनिटांत करावयाच्या नोंदीवर एवढी रक्कम अवलंबून होती.

शेतकरी ओळख क्रमांक

वर सांगितलेल्या सर्व तक्त्यांना शेतकऱ्याशी जोडणारा दुवा म्हणून आता शेतकरी ओळख क्रमांक देण्यात येत आहे. अॅग्रिस्टॅक या केंद्र शासनाच्या योजनेत असे क्रमांक देण्याचा प्रयोग देशातील मोजक्या जिल्ह्यांत झाला व महाराष्ट्रातून त्यासाठी बीड जिल्हा निवडण्यात आला होता. 2 सप्टेंबर 2024 रोजी मंजूर झालेल्या 2,817 कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानात या कामास स्थान मिळाले आणि 2025 पासून आपल्या राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी हा क्रमांक आवश्यक करण्यात आला. त्यामुळे प्रत्येक अर्जासोबत तेच कागद पुन्हा पुन्हा जोडण्याचा त्रास कमी होतो. परंतु क्रमांक काढताना आपली सर्व गावांतील सर्व गटांची जमीन त्यास जोडली गेली आहे की नाही, हे खातेदाराने स्वतः पाहावे. सुटलेला गट म्हणजे सुटलेला लाभ होय.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, कृषी खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी व सेवा संस्थेचे सचिव यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(अ) एकच माहिती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे गोळा करू नये. आपली वेगळी यादी ठेवावी लागलीच, तर तीत नावासोबत गट क्रमांक व खाते क्रमांक अवश्य लिहावा. केवळ नावांची यादी पुढे कशाशीही जोडता येत नाही.

(आ) नाव लिहिताना आधार कार्ड, सातबारा व बँकेचे पुस्तक ही तिन्ही समोर ठेवून फरक तेव्हाच निदर्शनास आणावा.

(इ) आपला परवलीचा शब्द अथवा स्वाक्षरीचे साधन दुसऱ्याच्या हाती देऊ नये. त्याने केलेला बदल तुमच्या नावे नोंदला जातो.

(ई) ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंदणी व वारसाची कामे ती गाव सोडण्यापूर्वीच उरकून घ्यावीत.

(उ) वर्षातून निदान एकदा ग्रामसभेत खातेदारांची यादी वाचून दाखवावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपली नोंद तपासण्याचा हाच एक मार्ग असतो.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे?

वर्षातून एकदा आपला सातबारा व 8-अ काढून तो शेजारी दोघांसमक्ष वाचावा. नाव, क्षेत्र, बोजा व पीक या चार गोष्टी पाहाव्यात. कर्ज फेडले असल्यास बोजा कमी झाला आहे काय, हे विशेष करून पाहावे. लेखनातील चूक आढळल्यास अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अर्जाची पोच जपून ठेवावी. ई-पीक पाहणी जाहीर झालेल्या मुदतीतच करावी आणि कापसात तूर घेतली असल्यास दोन्ही पिके नोंदवावीत. विम्याच्या अर्जातील पीक व क्षेत्र हे पीक पाहणीशी जुळले पाहिजे. मोबाइलवर येणारा ओटीपी अनोळखी माणसास सांगू नये. तो आपल्या घराच्या किल्लीसारखा आहे.

डेटाबेस हे विळ्यासारखे एक अवजार आहे. पीक पेरलेले असेल तरच विळ्याचा उपयोग, तसे नोंद खरी असेल तरच या पद्धतीचा उपयोग. एकदा लिहावे, एकाच ठिकाणी लिहावे, खरे लिहावे आणि लिहिलेले गावाने वाचावे, एवढे पथ्य पाळले तर दिंद्रुडच्या शेतकऱ्याचे हक्काचे क्षेत्र, त्याचे पीक व त्याच्या वारसांची नावे पुढील पिढीच्या हाती निर्वेधपणे जातील.